साल्व्हिया : कोणता टिकतो, कोणता का मरतो?

डिसेंबर उजाडला, की पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये लाल रंगाचे पट्टे दिसू लागतात. लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत काळ्या पिशव्यांत मांडून ठेवलेली ही ठेंगणी, गच्च तुऱ्यांची रोपे म्हणजे साल्व्हिया. जानेवारीत पुण्यातील एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, त्या सुमारास या रोपांना मोठी मागणी असते. घरी आणलेले रोप महिना-दीड महिना डोळ्यांचे पारणे फेडते. होळी जवळ येते, तशी पाने पिवळी पडू लागतात, तुरे झडतात आणि चैत्रात कुंडीत नुसत्या काटक्या उरतात. ‘आमच्याकडे साल्व्हिया जगत नाही,’ असे म्हणत पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीच रोपे विकत आणली जातात, किंवा या झाडाचा नाद कायमचा सोडून दिला जातो.

हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. रोपवाटिकेत ‘साल्व्हिया’ म्हणून जे हाती पडते, ते बहुतेक वेळा या मोठ्या गोतावळ्यातील एकच झाड असते आणि नेमके तेच महाराष्ट्रातील उन्हाळ्याला सर्वांत कमी तोंड देऊ शकते. त्याच्याच भाऊबंदांत भर उन्हात फुलणारी, मुंबईच्या दमट हवेत स्वतःच्या बियांतून पुन्हा उगवणारी आणि आठवड्यातून दोनदा मिळालेल्या पाण्यावर दिवस काढणारी झाडे आहेत. आपल्या अंगणात आलेले झाड कोणत्या मुलखातून आले आहे, हे ठाऊक असले, की त्याच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

एक नाव, हजार जाती

साल्व्हिया हे एका झाडाचे नाव नसून वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत ती एक प्रजाती आहे आणि तिच्या पोटात सुमारे एक हजार जाती आहेत. यांपैकी जवळजवळ निम्म्या जाती मध्य व दक्षिण अमेरिकेतील आहेत. उरलेल्यांचा मोठा भाग भूमध्य सागराभोवतीच्या व मध्य आशियाच्या प्रदेशांत आणि काही पूर्व आशियात आढळतात. आपल्या हिमालयातही साल्व्हियाच्या काही रानटी जाती आहेत. ‘साल्व्हिया’ हा शब्द बरे करणे, वाचवणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. युरोपच्या स्वयंपाकघरातील ‘सेज’, म्हणजे साल्व्हिया ऑफिसिनॅलिस, ही औषधी मानली जात असल्याने हे नाव पडले. हल्ली आरोग्यप्रेमींच्या न्याहारीत दिसणारा चिया हे मेक्सिको-ग्वाटेमालाकडील साल्व्हियाचे बी आहे. इतकेच नव्हे, तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर रोझमेरीही याच प्रजातीत दाखल झाली. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने हा बदल २०१९ मध्ये स्वीकारला.

कुळ पाहिले, तर साल्व्हिया तुळशीच्या घरातला. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पानांची जोडी, ओठांसारखी दुभंगलेली फुले आणि चुरगळताच दरवळणारे पान ही तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा यांची घरगुती लक्षणे त्याच्यातही दिसतात. ओळख पटवण्याचा सोपा उपाय म्हणजे खोड दोन बोटांत धरून फिरवून पाहावे. चार कडा हाताला लागतात. या नात्याचा उपयोग एवढाच, की ज्या कोपऱ्यात तुळस चांगली वाढते, तिथे साल्व्हियाच्या काटक जातीही बहुधा रमतात. लाल साल्व्हियाला मात्र हा नियम लागू पडत नाही.

लाल साल्व्हियाचे दुखणे

सर्वपरिचित लाल साल्व्हिया म्हणजे साल्व्हिया स्प्लेंडेन्स. तो मूळचा ब्राझीलचा. ब्राझील म्हटले, की उष्ण प्रदेश डोळ्यांसमोर येतो आणि इथेच गल्लत होते. हे झाड तिथे सुमारे दोन ते तीन हजार मीटर उंचीवर, दमट हवेत वाढते. आपल्याकडचे महाबळेश्वर साधारण १३०० ते १४०० मीटरवर आहे, हे लक्षात घेतले, की या झाडाला एप्रिलमधील पुणे किंवा नागपूर का सोसत नाही, ते उमगते. त्याला थंडीही मानवत नाही. हिमतुषार पडला, की ते मरते. त्याला हवी असते सौम्य, ओलसर, सावलीचा आधार असलेली ऊब. महाराष्ट्राच्या पठारावर असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच मिळतात.

१८२२ मध्ये या झाडाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि युरोपातील बागांनी ते उचलून धरले. मूळ झाड मीटरभराहून उंच वाढते. आज बाजारात असतात ते त्याचे वीत-दीड वीत उंचीचे ठेंगणे वाण. त्याच्या लोकप्रियतेचे गमक फुलापेक्षा फुलाखालच्या पुष्पकोशात आहे. इतर अनेक झाडांत हा कोश हिरवा असतो. इथे तोही लालभडक असतो. नळीसारखे खरे फूल गळून पडल्यावरही कोश तुऱ्यावर टिकून राहतात आणि तुरा ताजाच वाटत राहतो. सार्वजनिक उद्यानांत लाल गालिचा अंथरल्याचा भास होतो तो यामुळे. शाळेच्या बागेतील ही लाल नळी अलगद उपटून तिच्या बुडाशी असलेला मधाचा थेंब चोखण्याचा उद्योग आज पन्नाशीत असलेल्या अनेकांनी केला असेल.

मार्च लागताच या झाडाची तक्रार सुरू होते. त्याची पाने रुंद, पातळ आणि गुळगुळीत असतात. कोरड्या, तापलेल्या हवेत या पानांतून पाणी इतक्या वेगाने उडते, की मुळे ते तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. परिणामी कुंडीतील माती ओली असतानाही दुपारी झाड मान टाकते. बहुतेकांच्या हातून झाड दगावते ते याच क्षणी. मलूल झाड पाहून कळवळ्याने पाणी घातले जाते, संध्याकाळी पुन्हा घातले जाते. तापलेल्या कुंडीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरवर पाहता झाड उन्हाने गेले असे वाटते. प्रत्यक्षात त्याला पाण्याने मारलेले असते. यावर उपाय साधा आहे. दुपारी मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालू नये. त्याला सावलीत सरकवावे आणि सूर्य कलल्यावर पाहावे. पाने आपोआप ताठ झाली, तर पाण्याची गरज नव्हती. सायंकाळीही ती लोंबत असतील आणि बोट दोन-तीन सेंटिमीटर खुपसल्यावर माती कोरडी लागत असेल, तरच पाणी द्यावे.

लाल साल्व्हियाला सकाळचे तीन-चार तासांचे ऊन पुरेसे होते. पूर्वेकडील सज्जा त्याला सर्वांत मानवतो, पश्चिमेकडील सर्वांत कमी. जांभळ्या, फिकट गुलाबी व सामन रंगांचे वाण तर कडक उन्हात चटकन फिके पडतात. एवढी काळजी घेतल्यावर पुण्या-नाशिकच्या हवेत तो मार्चअखेरपर्यंत साथ देतो. त्यापुढे त्याला जगवण्याचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ नाही. झेंडूप्रमाणे त्यालाही एका हंगामाचा पाहुणा मानावे आणि कुंडी दुसऱ्याला मोकळी करून द्यावी.

उन्हाशी जमवून घेणारे दोघे

ती कुंडी ज्यांना द्यावी असे दोन साल्व्हिया आहेत. दोन्ही बियांपासून सहज येतात आणि दोघांचीही आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा होत नाही.

पहिला साल्व्हिया फॅरिनेसिया. रोपवाटिकेत तो ‘ब्लू साल्व्हिया’ म्हणून मिळतो. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिको हे त्याचे माहेर. म्हणजे उन्हाळा कडक, पाऊस बेताचा. त्याच्या नावातील लॅटिन शब्द पिठाशी संबंधित आहे. निळसर तुऱ्यावरचे कोश आणि देठ यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, त्यावरून हे नाव आले. पाने अरुंद, काहीशी राखाडी हिरवी असतात. अशी लव आणि असे अरुंद पान हे उन्हाविरुद्धचे वनस्पतीचे जुने चिलखत आहे. झाड गुडघाभर वाढते. दिवसाचे सहा तास ऊन मिळाले, तर तुरे एकामागून एक येत राहतात. अमेरिकेत नव्या वाणांच्या चाचण्या घेऊन पुरस्कार देणाऱ्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ने याच्या निळ्या-पांढऱ्या ‘स्ट्राटा’ वाणाला १९९६ मध्ये, तर ‘इव्होल्यूशन’ला २००६ मध्ये गौरवले. ‘व्हिक्टोरिया’ हा त्याचा जुना आणि भरवशाचा वाण.

पुण्यासारख्या कोरड्या पठारी हवेत हे झाड एका हंगामात संपत नाही. छाटणी आणि निचरा सांभाळला, तर ते दोन-तीन वर्षे राहते. तुरे कापून उलटे टांगले, तर सुकल्यावरही त्यांचा निळा रंग बराच टिकतो. फुलदाणीची हौस असणाऱ्यांना हा वरचा लाभ. मुंबईत मात्र त्याचा जोर जूनमध्ये ओसरतो. कोरड्या मुलखातल्या या झाडाला जुलैचा अखंड पाऊस आणि ओली हवा पेलत नाही.

मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोवा यांच्यासाठी दुसरा उमेदवार अधिक योग्य ठरतो : साल्व्हिया कॉक्सिनिया. अमेरिकेच्या आग्नेय भागापासून मेक्सिकोमार्गे थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत याचा वावर आहे. फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट किनाऱ्यावर वाढणाऱ्या या झाडाला कोकणची हवा परकी वाटत नाही. उंची दोन ते तीन फूट, तुरे सडपातळ, फुले शेंदरी लाल. गुलाबी-पांढरे आणि शुभ्र पांढरे वाणही आहेत. स्प्लेंडेन्सच्या गच्च तुऱ्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा सुरुवातीला विरळ वाटतो, हे मान्य करायला हवे. पण सात-आठ झाडे एकत्र लावली आणि वाऱ्यावर तुरे डोलू लागले, की हीच विरळता त्याची शोभा ठरते. ‘लेडी इन रेड’ या त्याच्या वाणाला १९९२ मध्ये आणि ठेंगण्या ‘समर ज्वेल रेड’ला २०११ मध्ये वरील संस्थेचा पुरस्कार मिळाला.

हे झाड आपले बी आपणच पेरते. पहिल्या पावसानंतर कुंडीच्या आसपास, फरशीच्या सांध्यांत, शेजारच्या गुलाबाच्या आळ्यात त्याची रोपे उगवतात. गच्चीवरच्या बागेत ही सोय आहे. डोंगरउतारालगत किंवा जंगलाच्या कडेला घर असेल, तर ती जबाबदारी आहे. भारतात काही डोंगराळ भागांत हे झाड बागेबाहेर पडून रानटी झाले आहे. अशा ठिकाणी तुरे सुकण्यापूर्वीच कापून टाकावेत.

विदर्भाची गोष्ट वेगळी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कॉक्सिनियाही फुलणे थांबवतो. ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली त्याला जगवत ठेवणे आणि पावसाची वाट पाहणे एवढेच तेव्हा हाती असते.

दिवस लहान झाले, की

काही साल्व्हियांचे घड्याळ उन्हावर चालत नाही, दिवसाच्या लांबीवर चालते. मेक्सिकोतील साल्व्हिया ल्यूकँथा हा त्यांचा मुकुटमणी. कंबरेपर्यंत वाढणारे झुडूप, खालून पांढरी लोकर असलेली लांबट पाने आणि जांभळ्या मखमलीचे कोश. त्यांतून डोकावणारी छोटी फुले पांढरी. उटी-कोडाईकनालच्या बागांमध्ये ज्यांनी हे झाड पाहिले असेल, त्यांना ते थंड हवेचेच वाटते. प्रत्यक्षात ते पुण्या-बंगळुरूच्या हवेतही छान वाढते, मात्र त्याला जागा मोठी लागते. कुंडी किमान ३५ सेंटिमीटर तोंडाची असावी. जमिनीत दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवावे.

शेवंती आणि पॉइनसेटियाप्रमाणे रात्र लांबू लागल्यावरच ल्यूकँथाला कळ्या येतात. दिवाळीच्या आगेमागे तुरे दिसू लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. शहरात याला एक विचित्र अडचण येते. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा इमारतीच्या आवारातील प्रखर दिव्याचा उजेड रात्रभर झाडावर पडत असेल, तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही आणि फुले लांबणीवर पडतात. झाड हिरवेगार आहे, खत-पाणी वेळेवर आहे, तरी फूल नाही, अशी तक्रार असेल, तर रात्री एकदा कुंडीपाशी जाऊन उजेड पाहावा. शेंडे खुडण्याचे काम ऑगस्टच्या मध्यापर्यंत संपवावे. त्यानंतर खुडले, तर येणारे तुरेच आपण हातांनी काढून टाकतो. बहर संपल्यावर जमिनीपासून वीतभर उंची ठेवून झाड छाटावे. बुडातून नवे फुटवे येतात.

गडद निळ्या फुलांचा साल्व्हिया ग्वारानिटिका दक्षिण अमेरिकेतील ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातला. त्याला दुपारची सावली आवडते. त्याच्या मुळांना गाठी येतात आणि चिखलात त्या हमखास कुजतात. अननसाच्या वासाची पाने असलेला साल्व्हिया एलेगन्स हौसेसाठी ठीक. टेक्सास-मेक्सिकोचा छोट्या पानांचा ग्रेगाय मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात करून पाहण्याजोगा आहे. कोकणात त्याच्या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकातील सेज पाहिजे असेल, तर ऑक्टोबरमध्ये लावून पावसाळ्यापर्यंत पाने खुडून घ्यावीत. कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा अशा उलट्या ऋतुचक्रातल्या या झाडाला आपला जुलै क्वचितच पार करता येतो. शोभेच्या साल्व्हियांची पाने स्वयंपाकात सेज म्हणून वापरू नयेत, हे इथेच सांगून ठेवलेले बरे.

माती, पाणी आणि पावसाळा

जाती अनेक असल्या, तरी साचलेले पाणी कोणालाच चालत नाही. महाराष्ट्रातील काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिकट होते आणि बहुधा अल्कधर्मी असते. लाल साल्व्हियाला किंचित आम्ल माती लागते. निव्वळ काळ्या मातीत त्याच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. ही लोहाची कमतरता आहे. ती शेणखत वाढवून भागत नाही, माती बदलावी लागते. कुंडीसाठी दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, एक भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाडसर वाळू असे मिश्रण चालते. कोकोपीट धुऊन घेण्याचे कारण त्यातले क्षार. लाल साल्व्हियाची रोपे क्षारांना फार नाजूक असतात. ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तिथे पानांच्या कडा करपतात आणि मालक बुरशीनाशक शोधत बसतो. अशा ठिकाणी पंधरवड्यातून एकदा कुंडीच्या बुडातून मोकळे पाणी वाहून जाईल इतके गोडे पाणी एकदम द्यावे. साचलेले क्षार निघून जातात. कुंडीखाली बशी असेल, तर त्या दिवशी ती काढून ठेवावी. चुलीची राख पालाशसाठी टाकण्याची पद्धत आहे. आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीत ती न टाकलेलीच बरी.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. नत्र जास्त झाले, की झाड पानांनी भरते, देठ लुसलुशीत होतात, मावा जमतो आणि तुरे रोडावतात. लाल साल्व्हियाला तीन आठवड्यांतून एकदा पातळ केलेले द्रवखत पुरते. फॅरिनेसिया आणि कॉक्सिनिया यांना लागवडीच्या वेळचे शेणखत व छाटणीनंतर मूठभर गांडूळखत एवढे भरपूर झाले.

उन्हाळ्यात मातीच्या कुंडीत पाणी सकाळी द्यावे आणि पृष्ठभागावर पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटे जाड थर द्यावा. मुळांजवळची माती थंड राहते आणि पाण्याची पाळी लांबते. उन्हाळ्यात पाणीकपात ही नित्याची बाब असलेल्या शहरांत हा फरक लहान नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या गच्चीवर इतक्या तापतात, की मुळे कडेने भाजून निघतात. शक्य असल्यास अशी कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत वाळू भरावी.

खरी परीक्षा जूनमध्ये असते. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर. एकाच झाडाला या दोन शहरांत एकच सल्ला देता येत नाही. पुण्यात मे अखेरीस झाड एक तृतीयांश छाटून, कुंडी विटांवर उचलून ठेवली, बुडाची छिद्रे मोकळी केली, की फॅरिनेसिया पावसाळा काढतो. जमिनीतल्या वाफ्यांना एक वीत उंची द्यावी. मुंबईत कुंडी छपराखाली, पण उजेडात घ्यावी लागते. त्यासाठी जागा नसेल, तर झाडाचा मोह सोडून मे महिन्यात कलमे अथवा बी घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

पेरणी आणि कलमे

लाल साल्व्हियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे ते तीनशे बिया असतात. त्यांना रुजण्यासाठी उजेड लागतो. खोल पुरलेल्या बिया उगवत नाहीत आणि दोष बियाण्याच्या कंपनीला दिला जातो. ओलसर मिश्रणावर बी पसरून, तळहाताने हलके दाबून, वर केवळ चिमूटभर बारीक कोकोपीट भुरभुरावे. २१ ते २५ अंश तापमानात दहा ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथे सप्टेंबरची पेरणी डिसेंबरच्या बहराला पुरते. मुंबईत पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरावे. कॉक्सिनियाचे बी फेब्रुवारीतही पेरता येते आणि तो उन्हाळ्यात फुलतो.

रोपे चार पानांवर आली, की वेगळी करावीत. तीन-चार पानजोड्या झाल्यावर शेंडा खुडावा. कळी दिसत असताना शेंडा खुडायला मन धजावत नाही. पण न खुडलेले झाड एकाच तुऱ्यावर थांबते, खुडलेल्याला चार-सहा तुरे येतात. ठेंगण्या वाणांत २० ते २५ सेंटिमीटर, फॅरिनेसियात ३० आणि कॉक्सिनियात ४५ सेंटिमीटर अंतर राखावे. सुकलेला तुरा नुसता ओरबाडू नये, खालच्या पानजोडीच्या वर कात्रीने कापावा. तीनेक आठवड्यांत त्या बगलेतून नवे तुरे येतात.

रोपवाटिकेतून तयार झाड घ्यायचे असेल, तर सर्वांत भरगच्च फुललेले रोप टाळावे. लहान पिशवीत मुळांची गुंडाळी झालेले असे रोप आपला बहर दुकानातच संपवत असते. कळ्या नुकत्या रंगू लागलेले, बुडातून दोन-तीन फांद्या असलेले रोप निवडावे. रोपवाटिकेच्या जाळीखाली वाढलेल्या झाडाला एकदम उघड्या गच्चीवर न ठेवता आठवडाभर अर्धसावलीत रुळू द्यावे.

ल्यूकँथा, ग्वारानिटिका आणि ग्रेगाय यांची लागवड कलमांनी करावी. फूल नसलेल्या कोवळ्या फांदीचे आठ ते दहा सेंटिमीटरचे टोक पेऱ्याखाली कापून, खालची पाने काढून, वाळू व कोकोपीट समप्रमाणात घेतलेल्या कुंडीत खोचावे. सावलीत दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. फेब्रुवारीतील छाटणीतून निघालेल्या फांद्या वापरता येतात, मात्र ऊन वाढण्यापूर्वी मुळे धरली पाहिजेत. पाऊस उघडीप देऊ लागल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केलेली कलमे अधिक यशस्वी होतात.

किडींची यादी लांब नाही. बाळरोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात, ती जास्त पाणी आणि दाट पेरणी यांमुळे. मार्च ते मे या काळात पानांच्या खाली लाल कोळी येतो. पाने निस्तेज, ठिपकेदार दिसतात आणि बारीक जाळी आढळते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा मारल्यास तो बराच आटोक्यात राहतो. पांढरी माशी, मावा आणि पिठ्या ढेकूण यांवर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य साबण मिसळून सायंकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात. पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळे शेंडे फस्त करतात. त्या टॉर्च घेऊन हाताने वेचण्यासारखा दुसरा उपाय नाही.

तुऱ्यावरचे पाहुणे

साल्व्हियाच्या फुलाची रचना हा स्वतंत्र कुतूहलाचा विषय आहे. मधमाशी आत डोके घालते, तेव्हा अनेक जातींत तिचा धक्का पुंकेसराच्या तरफेसारख्या भागाला लागतो आणि वरच्या ओठाखाली दडलेला परागकोश खाली झुकून तिच्या पाठीवर पराग लावतो. जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या यंत्रणेचे वर्णन आहे. बागेतही तो प्रयोग करता येतो : गवताची बारीक काडी फॅरिनेसियाच्या फुलात अलगद सरकवावी आणि भिंगातून पाहावे.

लाल, लांब नळीची अमेरिकी फुले घडली ती तिथल्या हमिंगबर्डसाठी. हा पक्षी भारतात नाही. त्याची जागा इथे शिंजीर घेतो. फरक असा, की हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, तर शिंजीर शक्यतो बसून पितो. कॉक्सिनियाचा कोवळा तुरा त्याच्या वजनानेही वाकतो. म्हणून जास्वंद किंवा तगरीसारख्या भक्कम झुडपाला लागून कॉक्सिनिया लावावा. शिंजीर तिथे बसून तुऱ्यापर्यंत चोच पोचवतो. निळ्या फॅरिनेसियावर मधमाश्या आणि पोटावर निळे पट्टे असलेल्या रानमाश्या दिवसभर असतात. काळा भुंगा मात्र दारातून येत नाही. तो फुलाच्या नळीला बुडाशी भोक पाडून मध चोरतो, परागाचे काम करतच नाही. फुले गळण्यापूर्वी त्यांच्या बुडाशी बारीक चीर दिसली, तर ती रोगाची खूण नसून या भुंग्याची करामत असते.

फूल गळल्यावर कोशाच्या तळाशी चारपर्यंत बिया धरतात. हिरव्या असताना त्या काढल्या, तर उगवत नाहीत. काळपट तपकिरी झाल्यावर एक-दोन दिवसांतच त्या आपोआप सांडतात. यावर युक्ती अशी, की तुऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा वाळला, की सकाळी दव सुकल्यावर तो तुरा कापावा, कागदी पिशवीत उलटा घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि आठवडाभर सावलीत टांगावे. बी पिशवीच्या तळाशी जमते. संकरित वाणांच्या बियांतून आईसारखेच झाड येईल याचा भरवसा नसतो. पिशवीवर जातीचे नाव आणि महिना लिहून ठेवावा. सप्टेंबर येईपर्यंत सगळ्या पिशव्या सारख्याच दिसू लागतात.